झिंगा रबरासारखा, सॉस पाण्यासारखा, वर कडू पण? कुठं चुकतंय ते बघू

मावसभाऊ, ऑफिसातला एक जण आणि बायकोची बहीण, तिघांची तक्रार शब्दाला शब्द सारखी निघाली म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. व्हिडिओ बघून लिंबू-लसूण-मिरचीचा झिंगा करायला घेतात, व्हिडिओत दोन मिनिटांत लालबुंद चकचकीत सॉस झिंग्याला चिकटलेला दिसतो, आणि आपल्या कढईत झिंगे वेटोळे होऊन खोडरबर झालेले, खाली गुलाबीसर आंबट पाणी, त्यावर तेल वेगळं तरंगतंय आणि घास गिळल्यावर मागं एक कडवट चव राहते. माझं स्वतःचं सहा-सात वेळा असंच झालं. दर वेळी मी दोष दिला मालाला. सोलापुरात कुठला आलाय समुद्र, ताजं मिळणार कसं, वगैरे. ते काही अगदीच खोटं नाही, पण रबर होण्याचं कारण ते नाही.

आमच्याकडं मासा म्हणजे उजनी धरणाचा. चिलापी, मरळ, कटला, फार तर वाम. समुद्राचं म्हणाल तर लहानपणी आठवडी बाजारातनं येणारं सुकट आणि बोंबील, आई तव्यावर सुकट टाकायची तेव्हा अख्ख्या गल्लीला कळायचं आज यांच्याकडं काय आहे ते. ओला झिंगा (कोळंबी म्हणा, आम्ही झिंगाच म्हणतो) घरात यायला लागला तो फ्रोझन पाकिटातनं, आणि ही पाकिटं बहुतेक वेळा व्हनामी झिंग्याची असतात, तळ्यात वाढवलेला. मूळचा तो मेक्सिको ते पेरू या पट्ट्यातल्या पॅसिफिक किनाऱ्याचा, भारतात त्याच्या शेतीला २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि आता आंध्रात तळीच्या तळी त्याची आहेत. वाईट अजिबात नसतो. फक्त कोकणातल्या मावशींनी सांगितलेली रेसिपी, जी बंदरावरनं सकाळी आणलेल्या कोळंबीसाठी आहे, ती याला जशीच्या तशी लागू पडत नाही. कारण याच्या अंगात पाणी.

पाण्याचं आधी. फ्रोझन झिंग्याच्या प्रत्येक नगावर बर्फाचा पातळ थर मुद्दाम चढवलेला असतो, फ्रीजरमध्ये वाळू नये म्हणून. ते ठीक. त्याशिवाय काही कंपन्या फॉस्फेटच्या पाण्यात भिजवून काढतात, त्यानं मांस पाणी धरून ठेवतं. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात फॉस्फेट किंवा आयएनएस ४५१, ४५२ असं काही दिसलं तर समजून जा. मी एकदा ५०० ग्रॅमचं पाकीट बर्फ उतरवून, निथळून काट्यावर ठेवलं तर ४१० भरलं. आता हे धरून ठेवलेलं पाणी गरम कढईत सुटतं, आणि कढईत पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशाच्या वर जातच नाही, म्हणजे झिंगा भाजला जात नाही, उकडला जातो. आपण वाट बघत बसतो की पाणी आटू दे मग रंग येईल. पाणी आटायला सात-आठ मिनिटं लागतात. झिंगा शिजायला लागतात दोन. राहिलेली सहा मिनिटं रबराची.

खरा घोळ हाच आहे, बाकी सगळं याच्या आजूबाजूचं. सॉसला वेळ लागतो आणि झिंग्याला लागत नाही, आणि आपण दोघांना एकाच वेळी एकाच कढईत घालून बसतो. मटणाची सवय आहे ना आपल्याला. मटण जितकं शिजेल तितकं मऊ, रश्श्यात तासभर रटरटू दे, काही बिघडत नाही. झिंग्यात मटणासारख्या चिवट दोऱ्या नाहीतच ज्या विरघळून मऊ व्हाव्यात. त्याचं मांस साधारण ५० अंशाच्या पुढं घट्ट व्हायला लागतं, ६५-७० च्या पुढं गेलं की ओला टॉवेल पिळावा तसं स्वतःतलं पाणी पिळून बाहेर टाकतं. आणि एकदा टाकलं की टाकलं, परत आत जात नाही, कितीही वेळ सॉसमध्ये ठेवा. माझ्या मित्राचं यावर म्हणणं, "लगा अजून थोडं शिजवलं असतं तर मऊ झालं असतं." नाही बे. अजून शिजवलं म्हणून तर असं झालं.

तर बर्फ कसा उतरवायचा. सगळीकडं लिहिलेलं असतं वाहत्या नळाखाली धरा. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तो नळ झिंग्यावर सोडून ठेवला तर घरातनं मलाच बाहेर काढतील. त्यामुळं एकतर आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये चाळणीत ठेवायचं, चाळणीखाली भांडं, म्हणजे सुटलेल्या पाण्यात तो लोळत राहत नाही. किंवा घाई असेल तर पिशवीत घट्ट बांधून पातेल्यातल्या गार पाण्यात बुडवून ठेवायचं, वर एक वाटी वजन म्हणून, वीस-पंचवीस मिनिटांत सुटतं, पाणी एकदा बदललं तर बास, आणि ते पाणी झाडांना जातं. ओट्यावर उघडं ठेवून द्यायचं नाही, निदान एप्रिल-मेमध्ये तरी नाहीच, बाहेर ४२-४३ असताना ओट्यावरचा झिंगा बाहेरनं कोमट आणि आतनं दगड राहतो, आणि अशा कोमट मासळीनं पोट बिघडायला वेळ लागत नाही.

मग पुसायचा. हा टप्पा सगळे गाळतात. जुन्या धुतलेल्या सुती कापडावर पसरायचा, वरनं दुसरं कापड, हलक्या हातानं दाबायचा. मग ५०० ग्रॅमला अर्धा चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा (छोटा चमचा, चहाचा) चोळून फ्रीजमध्ये पंधरा-वीस मिनिटं. सोड्यानं मांस थोडं अल्कधर्मी होतं, त्यामुळं शिजताना फार आवळत नाही, पाणी कमी सोडतं आणि चावताना हलकासा कुरकुरीत लागतो, चायनीजच्या गाडीवर लागतो ना तसा. पाव चमच्याच्या वर गेलात तर साबण लागेल, सांगून ठेवतो. आणि पाकिटावर मीठ लिहिलेलं असलं तर आपलं मीठ निम्मं करा.

आता लिंबू. यात सगळ्यात जास्त लोक फसतात कारण आपल्याला लहानपणापासून शिकवलंय मासळी आली की लिंबू-हळद-मीठ लावून अर्धा तास ठेवा, वास जातो. बांगड्याला ठीक आहे, जाड आहे. झिंग्याला नाही. लिंबाचा रस हा भयंकर आंबट, पीएच दोन-अडीचच्या आसपास, तो मांसाला गॅस न लावताच 'शिजवतो', दक्षिण अमेरिकेत पेरूकडं सेविचे म्हणून पदार्थ आहे त्यात मासळी नुसत्या लिंबाच्या रसानं घट्ट होते. तुमचा झिंगा अर्ध्या तासानं वाटीतच दुधट पांढरा दिसायला लागलाय म्हणजे तेच चाललंय. मग वरनं कढईत पुन्हा शिजवला की दोनदा शिजला.

मी एका रविवारी बारा झिंगे घेतले आणि चार-चारचे तीन वाटे केले. एकाला लिंबू आणि मीठ अर्धा तास, एकाला नुसतं मीठ, एकाला मीठ आणि सोडा. एकाच तव्यावर, एकाच आचेवर, दोन्ही बाजू मिळून दोन मिनिटं. लिंबूवाले बाहेरनं खडूसारखे भुसभुशीत आणि आतनं चामट. नुसत्या मिठाचे चांगले. सोड्याचे सगळ्यात रसरशीत. आईला न सांगता तिन्ही ताटलीत वाढले तर तिनं लिंबूवाला एक खाल्ला आणि म्हणाली "हा शिळा आहे का?" तेव्हापासून आमच्याकडं लिंबू कच्च्या झिंग्याला लागत नाही. वासाचं म्हणाल तर पाठीतला काळा दोरा नीट काढला आणि मिठाच्या पाण्यातनं एकदा काढून पुसला की वास राहत नाही. आणि तरीही अमोनियासारखा, नाकात झोंबणारा वास येत असेल तर लिंबू लावून काही होणार नाही, तो टाकून द्यायचा. नुसते डोक्याजवळ-कवचावर काळे डाग असतील तर घाबरू नका, कापलेलं सफरचंद काळं पडतं तसलाच तो प्रकार आहे.

कडवटपणाचं कोडं मला सगळ्यात उशिरा सुटलं, कारण त्याला एक कारण नाही, चार आहेत आणि बऱ्याचदा दोन-तीन एकाच वेळी हजर असतात.

पहिलं मोसंबी. नुसत्या लिंबानं सॉस फार टोकदार आंबट होतो म्हणून व्हिडिओवाले संत्र्याचा रस घालतात, आपल्याकडं बाराही महिने मिळते मोसंबी, म्हणून मी अर्धी वाटी मोसंबीचा रस घालून आटवत होतो. आता रसवंतीवाल्याला विचारा, मोसंबीचा ज्यूस पार्सल नेऊन तासा-दोन तासानं प्यायला तर कडू का लागतो. मोसंबीच्या सालीखालच्या पांढऱ्या भागात आणि बियांत एक पदार्थ असतो जो आधी चवीला काहीच लागत नाही, रस काढला की त्यातल्या आंबटपणामुळं हळूहळू त्याचं लिमोनिन होतं आणि ते कडू. गरम केलं की हे अजून भरभर. म्हणजे मी मोसंबी आटवत होतो तेव्हा खरं तर कडवटपणाच आटवून घट्ट करत होतो! लिंबाच्या बियांचंही तेच, सांडशीसारख्या त्या दाबयंत्रात बियांसकट पिळून काढलं की थोडं येतंच. त्यामुळं रस ऐनवेळी काढायचा, हातानं, गाळणीवर, शेवटचा थेंब काढायच्या नादाला न लागता. आधी काढून वाटीत ठेवायचा नाही. आणि उकळायचा नाही. साल किसून घालणार असाल तर फक्त वरची रंगीत साल, पांढरं लागलं की थांबायचं.

दुसरं लसूण आणि तिखट. आपण सोलापूरकर तिखट घालताना हात आखडत नाही, ते ठीक आहे, पण कडकडीत तेलात कोरडं तिखट टाकलं की पाच-सात सेकंदांत काळपट होतं आणि घरभर ठसका. लसूण बारीक ठेचलेला असेल तर तोही तसाच. गॅस अगदी बारीक करा, कढई क्षणभर उचलून धरा, मग तिखट, आणि लगेच दोन चमचे पाणी. मी रंगाला ब्याडगी दीड चमचा आणि जाळाला गुंटूर अर्धा चमचा घेतो, नुसत्या लवंगीनं करू नका, आंबटाबरोबर ती फार बोचते.

तिसरं कढई. आमच्या घरी सगळं लोखंडी कढईत, आजीच्या वेळची, तिच्यात पिठलं काय लागतं म्हणून सांगू. पण लिंबू आणि लोखंड जमत नाही. सॉस काळपट पडतो, जिभेवर पाण्याच्या जुन्या पाइपची चव येते आणि वर इतक्या वर्षांचा कढईवरचा तेलाचा थरही जातो, मग पुढच्या वेळी सगळं चिकटतं. साध्या अॅल्युमिनियमचंही तेच. स्टीलची जाड बुडाची किंवा नॉनस्टिक, तिसरा पर्याय नाही. मी चार महिने लिंबाला शिव्या घालत होतो आणि दोष होता कढईचा.

चौथं काही नाही, दोरा न काढणं. मोठ्या झिंग्यात तो भरलेला असतो, किरकिर वाळू आणि कडू. काढा.

(मध्येच एक, कारण दोघांनी घाबरून फोन केला होता. लसूण लिंबात ठेवल्यावर हिरवा-निळा पडला तर विष वगैरे झालेलं नाही. लसणातल्या गंधकाच्या घटकांचा आंबटाशी संयोग होऊन तो रंग येतो, लोणच्यातही येतो. खायला चालतो. दिसायला मात्र भयाण दिसतो हे खरं.)

आता सॉस फुटणं, म्हणजे खाली पाणी आणि वर तेल. लोणी म्हणजे फॅट आणि पाणी एकमेकांत धरून ठेवलेलं, लोण्यात फॅट साधारण ८० टक्के. ते उकळत्या सॉसमध्ये टाकलं किंवा टाकून उकळत ठेवलं की ती पकड सुटते. गॅस बंद करायचा, बुडबुडे थांबू द्यायचे, मग फ्रीजमधलं थंडगार लोणी, छोटे तुकडे, एकेक टाकून कढई गोल गोल फिरवत राहायचं. लोणी वितळत वितळत सॉस दाट आणि चकचकीत होतो, व्हिडिओत चमकतं ते हेच. काही जण त्याऐवजी साय किंवा दूध घालतात आणि मग लिंबू पिळतात, म्हणजे पनीर करायची जी पद्धत आहे तीच आपण सॉसमध्ये करतोय, मग फुटलं म्हणून का रडायचं.

आमचा एक देशी उपाय आहे, शुद्ध स्वयंपाकवाले नावं ठेवतील. शेंगाचटणी. आपली सोलापुरी, कुटून कुटून तेल सुटलेली. गॅस बंद करायच्या आधी सॉसमध्ये एक चमचा घातली की शेंगदाणा पाणी ओढून घेतो आणि सॉस धरून राहतो, फुटतच नाही, लसूण-तिखट तिच्यात असतंच म्हणून बाकीचं तिखट तेवढं कमी करायचं. दोन चमचे मात्र घालू नका, मग ते झिंग्याचं कोरड्यास होतं. चांगलं लागतं, पण वेगळं.

माझा आत्ताचा क्रम असा आहे. जाड बुडाची स्टीलची कढई मोठ्या गॅसवर दोन मिनिटं कोरडी तापवायची, तेल, तेल पातळ होऊन हलायला लागलं की झिंगे एका थरात, एकमेकांना न चिकटता. पाच-सहा जणांचं असेल तर दोन घाण्यात, सगळे एकदम ओतले की कढई गार पडते आणि परत पाणी-पाणी. आपला डोमेस्टिक गॅस म्हणजे काही हॉटेलची भट्टी नव्हे. एका बाजूनं एक मिनिट, हात लावायचा नाही, मग उलटवून तीस-चाळीस सेकंद आणि थेट ताटलीत बाहेर. मध्यभागी अजून थोडा काचेसारखा दिसत असेल तरी काढा. आकार बघा, अर्धचंद्र झाला की झाला, शेपूट डोक्याकडच्या टोकाला टेकून वेटोळं झालं म्हणजे उशीर झाला. रंगावर जाऊ नका, गुलाबी तो आधीच होतो, राखाडी-निळा दिसतो तो कवचातला एक रंग प्रथिनानं बांधलेला असतो म्हणून, उष्णता लागली की सुटतो, तेव्हा आतनं शिजलेला असेलच असं नाही.

त्याच कढईत, न धुता, गॅस बारीक. थोडं तेल, आठ-दहा पाकळ्या लसूण, तिखट, पाणी, चिमूटभर जिरेपूड, सुपारीएवढा गूळ. पाव वाटी पाणी घालून खाली चिकटलेलं खरवडून काढायचं, चव तिथंच असते. हे आरामात तीन-चार मिनिटं आटू दे, आता घाई नाही, झिंगा बाहेर बसलाय. चमच्याच्या पाठीला चिकटायला लागलं की संत्र्याचा किंवा मोसंबीचा ताजा रस तीन-चार चमचे, एक बुडबुडा आला की गॅस बंद. मग लोणी. मग झिंगे, आणि ताटलीत त्यांचं जे पाणी सुटलंय ते सुद्धा, पण सगळं ओतू नका, बघत बघत. सॉसच्या उरलेल्या उष्णतेत तो काचेसारखा मधला भाग मिनिटभरात पूर्ण पांढरा होतो, एक कापून बघा, झाला नसेल तर अर्धा मिनिट बारीक गॅस. लिंबू सगळ्यात शेवटी, दीड लिंबू, कोथिंबीर, झालं. शेवटी पिळल्यामुळं लिंबाचा वासही राहतो, उकळला की वास उडून नुसता आंबटपणा उरतो.

आणि बिघडलंच तर. रबर झालेला परत मऊ होत नाही, त्याला बारीक चिरा आणि अंड्याच्या पोळीत किंवा फोडणीच्या भातात घाला, बारीक तुकड्यात चामटपणा लपतो. सॉस फुटला असेल तर गॅसवरनं उतरवून एक चमचा गरम पाणी घालून जोरात फेटा, बऱ्याचदा जमून येतो, नाही आला तर शेंगाचटणी आहेच. कडू झाला असेल तर आधी चिमूटभर मीठ, मिठानं कडवटपणा दबतो, मग गूळ. उलटं केलंत तर गोड-कडू काढा होतो. तिखट जास्त झालं असेल तर पाणी वाढवू नका, मिरचीचा जाळ पाण्यात नाही तर फॅटमध्ये विरघळतो, लोणी वाढवा. लोखंडाची चव आली असेल तर मात्र त्याला औषध नाही.

पाव चालतो, पण आमच्याकडं हे कडक भाकरीवर जातं, ज्वारीची कडक भाकरी चुरून खाली घालायची, वरनं सॉस, अर्धी मऊ अर्धी कुरकुरीत असतानाच खायचं.

उरलं तर झिंगे सॉसमधनं वेचून वेगळ्या डब्यात ठेवा, कारण सॉसमध्ये लिंबू आहे आणि तो रात्रभर फ्रीजमध्ये सुद्धा आपलं काम करत राहतो. दुसऱ्या दिवशी नुसता सॉस चांगला गरम करा, पातळ वाटला तर चटणी घाला, गॅस बंद करा, मग झिंगे टाकून झाकण, दोन-तीन मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये सगळं एकत्र घालून फिरवलंत तर पहिल्या परिच्छेदावर परत याल.